सुनेच्या पुडिंगची धिरडी

माझ्या सुनेचं स्वप्न मी चार धिरड्यांच्या रूपात खाऊन टाकलं. सोबत खोबऱ्याची चटणी होती.

हे पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता वय अठ्ठ्याहत्तर. वर चित्रगुप्तापुढे ऐनवेळी अडखळण्यापेक्षा इथंच सांगून मोकळा होतो.

दोन हजार चौदा साल. मी नुकताच मुलाकडे, निखिलकडे, सिंगापुरात टॅम्पिनीसला राहायला आलो होतो. सून मृणाल पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्याच्यामागे इथं आलेली. इथं तिला काम मिळेना. दिवसभर टीव्हीवरचे पाककृतींचे कार्यक्रम बघायची आणि वहीत उतरवून घ्यायची. अशाच एका कार्यक्रमाच्या स्पर्धेत तिचा अर्ज निवडला गेला! विषय, जुनं इंग्रजी घरगुती जेवण. वाहिनीची माणसं घरी येऊन पदार्थ चाखणार, पसंत पडला तर मृणाल टीव्हीवर. त्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

तिनं यॉर्कशर पुडिंग निवडलं. (नाव पुडिंग, पण गोड नाही. ओव्हनमध्ये टम्म फुगलेल्या वाट्या, त्यात गरम ग्रेव्ही ओतायची.) ग्रेव्हीत घालायच्या सॉसची बाटली माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "बाबा, याचा उच्चार काय हो?"

मी साताऱ्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माहीत नाही म्हणणं शक्यच नव्हतं! "वॉर-सेस-टर-शायर," मी ठणकावलं. "एकही अक्षर गाळायचं नाही." बिचारीनं पाठ केलं. (इंग्रज त्यातली निम्मी अक्षरं गिळतात, हे मला नंतर कळलं.)

माणसं यायच्या दिवशी सकाळी ती भाजी आणायला लिटिल इंडियात गेली. मला भूक लागली. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवलेलं पातेलंभर पिवळसर, सरसरीत पीठ. असं पीठ बघून मराठी माणसाला दुसरं काय सुचणार? निम्मं वाडग्यात काढलं, मिरची-कोथिंबीर घातली, तवा तापवला.

चौथं धिरडं तोंडात असताना फोन वाजला.

"बाबा, खाल्लंत का काही?"

"खातोय."

"खालच्या कप्प्यातल्या पातेल्याला हात लावू नका हं. पुडिंगचं पीठ रात्रभर मुरत ठेवलंय. अंडी आहेत त्यात, तुम्हाला चालायचं नाही."

जन्मात अंडं न खाल्लेला मी! घास गिळावा की थुंकावा? गिळला. (धिरडी इतकी जाळीदार कशी झाली, ते मात्र उलगडलं.)

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिनं येताना अंडी आणून नवं पीठ भिजवलं असतं. पण अंडं खाल्ल्याचा बोभाटा होईल म्हणून मी गप्प बसलो. पातेल्यात बेसन कालवलं, पाणी ओतलं, पीठ होतं तेवढं केलं आणि झाकण लावलं.

दुपारी वाहिनीकडून एक चिनी बाई आणि एक गोरे गृहस्थ आले. ओव्हन उघडला. वाट्या कसल्या, दगडी चकत्या! बाईंनी चमच्यानं टकटक केलं. "आय्यो, व्हाय सो हार्ड वन?" घाबरलेली मृणाल भराभर ग्रेव्हीची माहिती देऊ लागली. सॉसचं नाव आलं. एकही अक्षर गाळलं नाही तिनं! गोरे गृहस्थ मान खाली घालून हसले. दहा मिनिटांत दोघं गेले.

"सगळं मोजून घेतलं होतं मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "पाचदा करून बघितलं, पाचही वेळा फुगलं होतं!"

"घाईत राहिलं असेल काहीतरी," निखिल म्हणाला.

आणि मी? मी म्हणालो, "जाऊ दे गं. परमुलखातले पदार्थ आपल्या हाताला येत नाहीत."

तिनं वही रद्दीत टाकली. त्यानंतर घरात रोज वरण-भात-भाजी. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

मागच्या आठवड्यात तिला समोर बसवून सगळं सांगितलं. बेसनसुद्धा. ती हळूच म्हणाली, "कशी लागली होती धिरडी, बाबा?"

पाच वर्षांत तिच्या त्या पिठाला कुणी दाद दिली नव्हती. ती द्यायचा मोका माझ्या एकट्याच्या हातात होता.

"छानच," मी म्हणालो. "मीठ जरा कमी होतं."

माफी मागायला बसलो होतो, परीक्षक होऊन उठलो!