अबोल्यातली फुगडी

लालबागच्या त्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत नावाला होती. तिच्या पलीकडून रमाबाईंनी शेजारच्या शांताचं नवऱ्याशी चाललेलं भांडण ऐकलं, तेव्हा दोघी बायका तरण्याताठ्या होत्या. आदल्या संध्याकाळी गौरीपुढे फुगडी घालताना शांताचा हात सुटला होता आणि रमाबाई थेट कपाटावर जाऊन आदळल्या होत्या.

"तूच सोडलंस," कुशाबा म्हणत होता.

"मी कशाक सोडू? तिनाच धड धरूक नाय! आता मेलंय तरी तिका हात देवचंय नाय."

तेव्हापासून अबोला. मुलांची लग्नं झाली, कुशाबा गेला, सगळं अबोल्यातच पार पडलं. कालवणाची वाटी इकडून तिकडे जायची. निरोप मात्र तिसऱ्याच्या तोंडून.

मग रमाबाईंना छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. डावा हात तेवढा खांद्याच्या वर जाईना. मरणाची भीती वाटून संपली होती. आता काळजी एकच, गौरीला फुगडी कशी घालायची?

व्यायाम शिकवायला अपेक्षा नावाची मुलगी यायची. तिने रबरी पट्टा दिला, तो रमाबाईंनी पिठाच्या डब्याला घट्ट बांधून टाकला. झाकण उडत होतं ना! अपेक्षा रागावली नाही.

"आजी, तुम्हाला आवडतं काय?"

"फुगडी."

"मग बसून फुगडी. मधे जुनं लुगडं धरायचं. झटका नको, हळूच ओढायचं. दुखलं, हात जड वाटला, की थांबायचं. समोर कोण बसेल?"

सून सलोनी बसली. तिने लुगडं ओल्या पापडासारखं धरलं. सासूला दुखेल म्हणून ओढेचना, वर डोळ्यांत पाणी.

शांता दारातून बघत होती. आत आली, सलोनीला उठवलं आणि फतकल मारून टोक धरलं.

"सलोनी, तिका सांग, कोपर वाकव."

"तिला विचार, सोडणार नाही ना?"

"तिका सांग, तोंड कमी चलव."

हातभर अंतरावरचे निरोप सलोनी इमानाने पोचवत राहिली.

रोज हेच. लुगडं आखूड धरलं जाऊ लागलं, हात वर जाऊ लागला. गौरीच्या संध्याकाळी दोघी उभ्या राहिल्या. अपेक्षाने बजावल्याप्रमाणे सावकाश फिरल्या. कपाटाला काही झालं नाही. रमाबाई पाटावर टेकल्या, तेव्हा कुठे शांताने हात सोडला.

बायका पांगल्या. सलोनी प्रसाद वाटायला गेली. शांताने खिळ्यावरचं लुगडं काढलं आणि समोर येऊन बसली.

"तिका सांग, आजचो व्यायाम ऱ्हवलो."

सांगायला खोलीत कोणी नव्हतं. रमाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरं टोक धरलं.

ओढून झालं. शांताने लुगड्याची घडी घातली, खिळ्याला लावली आणि रोजच्यासारखी न बोलता घरी गेली.