थिजलेले ड्रम

आमचे हे, साईनाथ, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत चोवीस वर्षं स्टोअर सांभाळतात. शिक्षण नववी. पण ड्रमवर नुसता हात ठेवून सांगतील, आतला माल पातळ आहे की थिजलाय. फिनॉल आपल्या साध्या हवेत दगडासारखं घट्ट असतं, ते गरम पाण्याने किती वेळ शेकायचं, कुठल्या ड्रमचं झाकण उघडताना तोंड बाजूला करायचं, सगळं ह्यांना पाठ.

ह्या हुशारीचं बक्षीस म्हणजे खोकला. दिवाळीनंतर शहाडच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, त्या वाफांपासून लांब व्हा, नाहीतर छाती कायमची कामातून जाईल. मग मी मॅनेजरसाहेबांचं डोकं खाल्लं. शेवटी ते कबूल झाले. स्टोअरला नव्याने लागलेल्या संदेशला सगळं काम शिकवायचं आणि ह्यांनी गेटवर बसायचं.

जानेवारीत गेटची खुर्ची मिळाली. आठव्या दिवशी हे जेवताना एकदाही खोकले नाहीत. मी इतकी खूश, की शेजारच्या विमलाबाईंना शिरा नेऊन दिला.

आणि नवव्या दिवशी ती मेली थंडी पडली. पत्र्याच्या शेडमधले अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे ड्रम सगळे थिजले. व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसिड, पण बिनपाण्याचं. एरवी पातळ, सोळा-सतरा अंशांखाली गेलं की बर्फासारखं गोठतं. आपल्याकडे एवढी थंडी पडते कधी? त्यामुळे ही गोष्ट संदेशला शिकवायचीच राहिलेली. संदेश बिचारा ड्रमखाली गॅसची शेगडी लावायला निघाला. हे गेटवरून धावले, म्हणून भडका उडाला नाही. मग दुपारपर्यंत ड्रमवर कोमट पाणी ओतत बसले. घरी आले ते खोकतच.

साहेबांनी हातात कागद दिलेला. सगळं शिकवून झालं असं लिहून द्या आणि खुशाल गेटवर बसा. नाहीतर सोमवारपासून परत स्टोअर.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, एक सही करायला हात दुखतो का तुमचा?"

"जया, मला काय काय माहितीये ते मलाच सांगता येत नाही. समोर आलं की आठवतं. उद्या माझ्या सहीच्या भरवशावर तो पोरगा भाजला तर?"

मग मीच वही घेऊन बसले. हे सांगतील ते लिहायचं. कुठलं पातळ, कुठलं घट्ट, कुठलं नुसत्या उन्हाने उडून जातं. तीन संध्याकाळी, चाळीस पानं. मी विचारायची, झालं? हे म्हणायचे, थांब, अजून एक.

रविवारी हात भरून आला तेव्हा मी पुन्हा विचारलं. ह्यांनी वही पहिल्या पानापासून चाळली.

"बहुतेक झालं," म्हणाले.

बहुतेकवर सही करता येत नाही, हे मलाही कळतं. राग आला, रडूही आलं. सोमवारी सकाळी मी डबा भरला आणि हे स्टोअरला गेले.