विजयेच्या तीन बाटल्या

आमचा अत्तराचा धंदा. वडिलांनी शिकवलं ते एवढंच, की वरचा वास कुणालाही कळतो, खाली काय आहे ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे. गिऱ्हाईक गुलाबावर खूश होतं. त्या गुलाबाखाली चंदनाचं तेल आहे की भलतंच काही, ते आपलं नाक सांगतं. लग्न झाल्यापासून मी रोज संध्याकाळी दुकानातून हडपसरला घरी आलो, की अत्तराचा फाया बायकोच्या नाकाशी धरायचो. ती डोळे मिटून सांगायची, वर मोगरा, खाली... आणि मुद्दाम थांबायची, मला चिडवायला. ती लोणी काळभोरची. शाळा सातवीपर्यंत, पण नाक माझ्यापेक्षा तयार. हे मी तिला कधी बोललो नाही. तारीफ करायची म्हटली की माझी जीभ जड होते, तो स्वभावच.

तिचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्या. पण तिच्या पोटात काही ठरतच नव्हतं, गोळी घेतली की उलटी. कुणीतरी विश्रांतवाडीच्या एका वैद्यांचं नाव सुचवलं. ते विजयेचं तेल देतात म्हणे. विजया म्हणजे आपली भांगच. मी म्हणालो, चला, या वयात बायकोला भांग पाजायची तेवढी राहिली होती. वैद्य माझ्यापेक्षा तिरसट निघाले. "अहो, शिवरात्रीची थंडाई नाही ही. औषध आहे, थेंब मोजून द्यायचं," म्हणाले आणि तीन छोट्या तपकिरी बाटल्या समोर ठेवल्या.

पहिली रुंद पानांच्या बुटक्या झाडाची. दुखणं दाबते, पण माणूस झोपून राहतो. दुसरी उंच, बारीक पानांच्या झाडाची. डोकं जागं राहतं, थोडी भूक लागते, दुखणं मात्र निम्मंच कमी होतं. तिसरी दोन्हींच्या संकराची. त्यांनी हेही बजावलं, की झाडाच्या जातीवर फार जाऊ नका, एकाला मानवते ती दुसऱ्याला मानवत नाही. काय हवं ते पेशंटला ठरवू द्या.

घरी आल्यावर मी सवयीनं तीन फाये केले. तिनं डोळे मिटले. पहिल्याला म्हणाली, गोठ्यात पडून सडलेला आंबा. दुसऱ्याला, लिंबाची साल. तिसऱ्याला नुसतं नाक मुरडलं. कितीतरी दिवसांनी हसली. मग मला जवळ बसवून तिनं सांगितलं, की तिला दुसरीच पाहिजे. आमची एकुलती एक मुलगी नागपूरला, आठवा महिना, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. रोज दुपारी चारला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. बायकोला तेवढ्यासाठी जागं राहायचं होतं. दुखलं तर दुखू दे, म्हणाली, पोरीशी बोलता आलं पाहिजे.

पाच दिवस लिंबाचे थेंब चालले. चारला ती उशीला टेकून बसायची. बाळाच्या दुपट्यासाठी कुठल्या जुन्या साड्या काढायच्या, टाळू कशी भरायची, सगळं मुलीला सांगायची. फोन ठेवला की कूस बदलायची, आणि तेव्हा तिच्या घशातून जो आवाज निघायचा तो मला ऐकवत नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहायचो. मी भित्रा माणूस आहे. दुसरा शब्द नाही.

सहाव्या दिवशी मी पहिली बाटली काढली. तिला वास कळणार, हे मला माहीत होतं. म्हणून लिंबाची साल चमच्याच्या कडेला चांगली घासली आणि मग थेंब सोडले. उभ्या जन्मात अत्तरात कधी भेसळ केली नाही. बाजारात तेवढंच आमचं नाव होतं. आणि घरात, तिच्या तोंडात जाणाऱ्या औषधात केली. ती निमूट प्याली. अर्ध्या तासात झोपली. आवाज बंद झाला. मला इतकं हलकं वाटलं की मी बसून पोटभर जेवलो.

त्यानंतर चारला फोन यायचा आणि मी सांगायचो, झोपली आहे. मुलगी म्हणायची, बरं झालं बाबा, दुखत नाही ना? मी म्हणायचो, नाही. कधी बायको अर्धवट डोळे उघडून विचारायची, पोरीचा फोन आला का. मी सांगायचो, अजून चार वाजायचेत. रोज उद्यापासून लिंबाची देऊ असं ठरवायचो, आणि रोज साल घासायचो. 

दोन आठवडे असेच गेले. एका दुपारी साडेतीनला तिला जाग आली. नजर स्वच्छ होती. मी चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं तो घेतला नाही. डोळे मिटले, फाया हुंगायची तसा श्वास घेतला आणि म्हणाली, "वर लिंबू हाय. खाली आंबा."

 चमचा तसाच धरून मी विचारलं, कधीपासून कळलं?

"पहिल्याच दिशी."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, जसा काही गुन्हा तिचाच होता. 

"तुमाला बघवंना म्हून," ती म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

दुसरी बाटली मागच्याच फळीवर होती, निम्म्याहून जास्त भरलेली. हात लांबवला असता तर पोचला असता. चार वाजायला अर्धा तास होता. मी हातातला चमचा तिच्या तोंडात रिकामा केला.

चारला फोन वाजला. मी उचलला आणि मुलीला सांगितलं, आई झोपली आहे.