ॲपमध्ये मी बाहेर

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग लिहायचं म्हणजे फक्त सही. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. डोक्यात तेच तेच फिरतंय, कामात जीव लागत नाही, म्हणून लिहिते.

पगाराचा रविवार होता. हॉलमध्ये पाहुणे पोहे खात होते. पोहे मी केले होते. साहेबांनी हाक मारली. ओले हात पदराला पुसत मी दाराशी उभी राहिले. सोसायटीच्या गेटचं ॲप उघडून त्यांनी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. मला इंग्रजी वाचता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"सातला गेटमधून आत. आठला बाहेर. दहाला परत आत, अकराला बाहेर. सोसायटी काय बाग आहे? आमचं काम आठ ते दहा. बरोब्बर तेवढा वेळ तू बाहेर. अर्धा महिना हेच."

मी म्हटलं, रोज आले. भांडी, लादी, पोळ्या, सगळं केलं. मॅडम म्हणाल्या, आम्ही साडेसातला ऑफिसला निघतो, आम्ही काय बघायला असतो? पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "ह्या बायका आपल्यापेक्षा स्मार्ट." सगळे हसले.

मी आजींकडे बघितलं. साहेबांच्या आई. दार रोज त्याच उघडायच्या. माझ्या हातचा चहा पीत सुनेच्या कागाळ्या सांगायच्या.

"आजी, तुमी सांगा ना."

आजी टीव्हीकडे बघत राहिल्या. "मला मेलीला काय आठवतंय. त्याच्या मोबाईललाच माहीत."

साहेब सॉफ्टवेअरमध्ये आहेत. म्हणाले, "मी हेच काम करतो. माणूस खोटं बोलतो, सिस्टीम नाही." अर्धा पगार कापला. संध्याकाळपर्यंत माझा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, खोटी हजेरी लावणारी बाई, सावध राहा. खालच्या मजल्यावरच्यांकडे मी संध्याकाळी लादी पुसायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही.

तरी मी जात राहिले. मान खाली घालून. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासून. माझी धाकटी जाऊ त्याच महिन्याच्या मध्यावर त्या सोसायटीत कामाला लागली होती. ती तिखट. म्हणाली, "चोरी केलीस काय वयनी? मंग मान कशाला घालतेस? मी असती ना, तर पोहे त्याच्या डोक्यावर वतले असते."

गडबड वॉचमन काकांच्या लक्षात आली. गेटवर आम्ही कोड सांगायचा, काका तो मशीनमध्ये दाबतात. एकदा दाबला की आत, परत दाबला की बाहेर. कोडसाठी मोबाईल नंबर द्यावा लागतो. विचुंबे गावात आमच्या घरी फोन एकच, तो दिराकडे असतो. जावेनेही तोच नंबर दिला. एक नंबर म्हणजे एक माणूस, असं त्या मशीनला शिकवलेलं. दोघींना एकच कोड. सातला जाऊ आली की मशीन म्हणे आत. आठला मी आले की म्हणे बाहेर. काका सकाळच्या गर्दीत न बघता दाबायचे.

मी आत शिरायची आणि ॲपमध्ये बाहेर पडायची. रोज.

पुढच्या रविवारी मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी मोबाईलवर वरखाली केलं. एक क्षण त्यांचा चेहरा पडला. मी बघितला. मग म्हणाले, "म्हणजे चूक तुमचीच. एका नंबरवर दोघी कशा? नवीन सिम घ्या."

मी पगाराचं विचारलं.

"मागची नोंद बदलता येत नाही. तसं ऑप्शनच नाही."

आतून मॅडम म्हणाल्या, "झालं का? सिंक भरलंय, आधी भांडी घे."

घासणी माझ्या हातातच होती.

"साहेब, आत्ता बघा. मी आत हाय का?"

त्यांनी बघितलं. मोबाईल उलटा ठेवला.

"बाहेर हाय ना? मग बाहेरच्या बाईनं भांडी कशी घासायची?"

तो आवाज माझाच होता. घासणी त्यांच्या टेबलावर ठेवली, फेसासकट. चपला घातल्या. आजी मागून म्हणाल्या, चहा तरी घे. मी वळले नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेटपाशी कठड्यावर बसले. कोड सांगितला नाही. जाऊ येऊन शेजारी बसली. मग आणखी तिघी बसल्या. कुणाचा नंबर नवऱ्याचा, कुणाचा मुलाचा. काकांचा इंटरकॉम वाजायला लागला. सेक्रेटरी खाली आले, म्हणाले, बायांनो, काय नाटक आहे हे?

जाऊ म्हणाली, "नाटक नाय, हजेरी हाय. डोल्यांनी मोजा."

मॅडम खाली यायला आठवडा गेला. हातात मोबाईल. "नंबर सांग, पैसे पाठवते."

"त्याच नंबरवर? नको. हातात द्या. हितंच."

त्या वर जाऊन नोटा घेऊन आल्या. ग्रुपवरचा फोटो काढून टाकलाय म्हणाल्या. मी म्हटलं, फोटो टाकताना लिहिलं होतं, तसंच आता लिहा की बाई खोटी नव्हती. त्याच ग्रुपवर. त्या म्हणाल्या, साहेबांना विचारते.

"विचारा. पण मी आता तुमच्या घरी येनार नाय. आनि कुठल्याबी घरी जाईन तिथं मी आले का नाय, ते मी सांगेन. फोन नाय."

काका बघत होते, बायका बघत होत्या. मी घाई केली नाही. एकेक नोट मोजली. कापलेला पगार पुरा होता.