गळती सुरू झाली

आमचा मामा अणुवीज केंद्राच्या फाटकावर कामाला होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून किरण मोजायचं यंत्र फिरवायचं, हेच त्याचं काम. त्यासाठी तो मोठ्या साहेबालासुद्धा हात वर करायला लावायचा आणि ह्या गोष्टीचा त्याला कोण अभिमान! घरी मात्र हात वर करायची वेळ मामावरच यायची.

मामीला ती नोकरी डोळ्यांसमोर नको होती. "अगं, धूर नाही, काजळी नाही, मूठभर इंधनावर अख्खं शहर उजळतं," मामा समजावायचा.

"आणि त्याची राख?"

"ती हजारो वर्षं सांभाळावी लागते." खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

"जिची राख नातवाच्या नातवाने सांभाळायची, ती चूल हवी कशाला?"

ह्यावर मामा पाणी प्यायचा. शेवटी मामीने निक्षून सांगितलं, "तिथे थेंबभर जरी गळती झाली ना, तर पोरीला घेऊन माहेरी जाईन. मागे वळूनसुद्धा बघणार नाही."

आता मामाचे केस. उभ्या घराण्यात टक्कल आणि ह्या एकट्याच्या डोक्यावर रान! एका दुपारी फाटकावरच्या आरशात भांग पाडताना कंगव्यात भला मोठा पुंजका आला. ह्या शहाण्याने तडक घरी फोन लावला. "अगं, गळती सुरू झाली! थांबायचं नाव नाही. घाबरू नकोस. कुणाला सांगू नकोस." तेवढ्यात केंद्रातली कामाची पाळी सुटली, माणसांची रांग लागली आणि त्याने फोन ठेवला.

मामीने कुणाला म्हणून सांगितलं नाही. फक्त शेजारणीला. शेजारणीनेही फक्त खिडकीतून ओरडून. अर्ध्या तासात गल्ली ओस पडली. कुणी गादी घेऊन पळालं, कुणी नुसतीच इस्त्री. शिंपी गिऱ्हाइकाची पँट घेऊन पुढे आणि गिऱ्हाईक आखूड चड्डीत मागे. पोरीला मामीने शेजारणीबरोबर धाडलं.

स्वतः मात्र ती उलट्या दिशेने निघाली, केंद्राकडे. काखेत टॉवेल, मामाचा कोरडा सदरा आणि गळती म्हणून छत्री.

फाटकावर साहेब चक्रावले. "बाई, सगळे तिकडे पळताहेत आणि तुम्ही इकडे?"

"घरचा नळ गळला तर ह्यांना बंद करता येत नाही," मामी धापा टाकत म्हणाली. "इथे एकटे काय करणार होते?"

मामाने कंगवा पुढे केला. "अगं, केसांची..."

साहेबांना एकदम खोकला आला. मामीने भर फाटकात मामाला छत्रीने दोन तडाखे हाणले आणि मग तिथेच बसून रडली. मामालाही रडू फुटलं, हे तो स्वतःच सांगतो.

"सोडतो ही नोकरी," तो म्हणाला. "आजच."

"काही सोडू नका," मामीने नाक पुसलं. "पण कधी खरंच काही झालं, तर फोनवर 'घाबरू नकोस' म्हणत बसू नका. 'ये' म्हणा."