परतीचे चार दाणे

जेवणं उरकून सुंद्राबाई चटईवर आडवी होते तेव्हा उन्हाची तिरीप अजून उंबऱ्यातच असते. डोळा लागत नाही. उद्या नदीची ओटी भरायची. पहिल्या ओटीचा मान पिढ्यान्‌पिढ्या तिच्या सासरचा. तिनं लुगडं पाण्यात सोडलं की मागनं अख्खी पेठ सोडणार. आणि यंदा पेठेतल्याच बाया पालिकेच्या माणसांबरोबर बसून ठरवून आल्यात, की ओटी पाण्यात जायची नाही, घाटावर पाटीत ठेवायची. लुगडी मग घाट झाडणाऱ्या बायांना द्यायची. दर रविवारी या बाया नि पालिकेची माणसं मिळून नदीतला गाळ काढतात, म्हणून एवढा तोरा. त्या झाडणाऱ्या बायांची मुकादमीण द्वारका, तिला सुंद्राबाईनं सकाळीच दारातनं वाटेला लावलंय: नदीची ओटी म्हणजे काय मंडईतली भाजी, पाटीत ओतायला?

पंखा घरघरतो. घरघरता घरघरता पाण्यासारखा वाजायला लागतो.

स्वयंपाकाच्या ओट्याला पायऱ्या फुटल्यात. खालच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात, सासू बसलीय. म्हाळसाबाई. जाऊन वर्षं झाली. अस्थी याच नदीत सोडल्या. सुंद्राबाईला तिचं नवल वाटत नाही. ओलेती बसलीय, पडसं होईल, एवढंच मनात येतं.

"आत्याबाई, वर बसा की."

"बसते. हात सोडव आधी."

सासूचे दोन्ही हात लुगड्यांत गुरफटलेत, एकावर एक, पार कोपरापर्यंत. सुंद्राबाई एकेक ओळखते. हे अंजिरी, थोरल्याच्या लग्नाच्या वर्षीचं. हे मोरपंखी, महापुराच्या वर्षीचं. सगळी तिनंच सोडलेली, दुकानदाराशी भांडून घेतलेली. त्यात हलकं एकही नाही.

"मानाची आहेत," ती ठसक्यात म्हणते.

"मान तुझा, भार मला. नारळसुद्धा नेमके माझ्या टाळक्यात येतात मेले."

आता सासू तिच्या शेवटच्या दुखण्यातल्या खाटेवर आहे आणि पाणी खाटेच्या सुंभाला लागलंय. सुंद्राबाई उशाशी बसून गाठी सोडवतेय, तेव्हा तिच्या केसांची जट सोडवायची तशीच. जरीत शेवाळ, पिशव्यांच्या चिंध्या, कुणाच्या तरी घटाची कुजलेली माळ. ती गाठीला दात लावते. तोंडात गाळ येतो.

"ओटी भरल्यावर बाई माघारी काय देते गं?" सासू विचारते, नव्या नवरीची परीक्षा घ्यायची त्याच आवाजात.

"त्यातलेच चार दाणे. घरच्या तांदळात टाकायला."

"नदीनं दिले कधी तुला?"

इतकी वर्षं सुंद्राबाई रिकामं ताट मिरवत घरी आली, आणि हे कधी डोक्यातच आलं नाही.

"देईल कशी?" सासू हळूच म्हणते. "तिचे हात तू बांधलेस."

शेवटची गाठ सुटते. सुटलेला हात गार आहे, काडीसारखा. सुंद्राबाईला म्हणायचं असतं, आत्याबाई, आता आलाच आहात तर जेवून जा. सासू तिच्या तळहातावर काहीतरी ठेवते आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटते.

दारात कुणी बोलतंय. ऊन भिंतीवर चढलंय. सून येऊन सांगते, द्वारका परत आलीय, उद्याचं काय ते विचारतेय. ओटीचं ताट फडताळावर तसंच आहे, झाकलेलं, कोरडं.

सुंद्राबाई मूठ उघडते. तळहातावर तांदळाचे चार दाणे. ओले, कुंकवानं लाल झालेले, गाळाचा वास येणारे.

ती कुणाला दाखवत नाही. उठते, तांदळाचा डबा उघडते, दाणे आत टाकते, झाकण घट्ट लावते. मग दाराशी येते.

"पाटीबिटी काही नको," ती द्वारकेला म्हणते. "उद्या घाटावर तू पदर धर. मानाची ओटी आहे, माणसाच्याच पदरात पडेल. आणि दाणे माघारी द्यायला विसरू नकोस."