ऊजेनीचा गालिचा आणि बारूदचा पाय

ऊजेनी चिडली की आमच्या गल्लीतल्या खिडक्या उघडतात. लोक बंद करत असतील असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही आमच्या झहल्या गावचे नाही. मी तर सज्जात खुर्ची कायमचीच टाकून ठेवली आहे. गल्ली तिला उम्म रफूल म्हणते, म्हणजे रफूलची आई. मी मात्र ऊजेनीच म्हणतो, कारण लहानपणी आम्ही एकाच तुतीच्या झाडावरून पडलो आहोत. पडल्यावर मी रडलो आणि तिनं झाडाला शिव्या घातल्या. त्यावरून काय ते ओळखा.

रफूल ब्राझीलला गेला तेव्हा आईपाशी आपला कुत्रा ठेवून गेला. नाव बारूद. शिकारीसाठी आणलेला, पण बंदुकीचा पहिला बार ऐकला आणि गडी मोटारीखाली जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत निघेना. शिकार सुटली, नाव तेवढं चिकटलं. पण वळण म्हणाल तर राजवाड्यातलं. लागली की मागच्या दाराशी जाणार, पंजानं एकदाच खरवडणार, आणि दार उघडेस्तोवर बसून राहणार. परसातल्या अक्रोडाखालची जागा सोडून त्यानं कधी कुठं पाय वर केला नाही. ऊजेनी आल्यागेल्याला सांगायची, "या घरात मी तिघांना वळण लावलं. लागलं फक्त एकाला." नवरा शफीक तिथंच कॉफी पीत बसलेला असायचा. लग्नात 'हो' म्हटल्यापासून त्याला फारसं बोलायची गरज पडलेली नाही.

तर यंदाची गालिचे काढायची सकाळ. उन्हाळा लागला की आमच्याकडे गालिचे धुऊन, डांबरगोळ्या घालून, गुंडाळून माळ्यावर जातात. द्राक्षं संपून डोंगरावरनं वारा सुटला की खाली येतात. त्या दिवशी शेजारीपाजारी हात लावायला येतात, म्हणजे कुणाचा गालिचा किती झिजला ते बघायला येतात. मीही गेलो होतो. ऊजेनीचा मोठा लाल गालिचा तिच्या आईचा, आणि तो दिवाणखान्यात उलगडला जाताना कुणी शिंकलं तरी तिला खपत नाही.

गालिचा उलगडला. बारूद आला. एका कोपऱ्याशी थबकला, नाक खुपसलं, तिथंच दोन गिरक्या घेतल्या, पुन्हा नाक खुपसलं. मग आम्हा सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, मागचा पाय वर केला.

मी आयुष्यात पुष्कळ किंकाळ्या ऐकल्या आहेत. ही त्यातली अव्वल.

"मेल्या! माझ्या आईच्या गालिच्यावर? तिच्या थडग्यावरच का नाही जात?" हातात फरशी पुसायचा वायपर होता, तो घेऊन ती धावली. बारूद सोफ्याखाली. शफीक खिडकीशी. त्याचा चेहरा पिठासारखा झालेला मला दिसला, पण मला वाटलं, बायकोच्या भीतीनं झाला असेल. तो तसा नेहमीचाच.

तिनं कोपरा साबणानं घासला, शिरक्यानं घासला, वर लिंबू पिळलं. दुसऱ्या दिवशी बारूद पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशीही. तिनं त्याला मानगुटीला धरून नाक त्या ओल्या डागावर दाबलं, ओरडली, चप्पल मारली. झालं काय, तर बिचारा आता ती नुसती समोर आली तरी पोट जमिनीला टेकवायचा आणि भीतीनं तिथल्या तिथं थेंब गाळायचा. म्हणजे आधी एक कोपरा ओला होता, आता फरशीही.

सकाळच्या कॉफीला सगळ्या गल्लीनं निदान केलं. कुणी म्हणालं दृष्ट. कुणी म्हणालं, रफूलच्या बाळाचा फोटो भिंतीवर लावलात ना, त्याला सवत आल्यासारखं झालंय. मी म्हणालो, "ऊजेनी, म्हातारा झाला तो. तुझ्या नवऱ्यालाही अलीकडे..."

"मित्री, तू तोंड उघडलंस तर हे कॉफीचं भांडं तुझ्या टकलावर ओतीन."

शफीक हळूच म्हणाला, "मी म्हणतो, यंदा गालिचा गुंडाळूनच ठेवू या की. थंडी कुठंय एवढी?"

बाहेर वाऱ्यानं परसातली बादली गडगडत चालली होती.

"कुत्र्यासाठी मी आईचा गालिचा गुंडाळू?" ऊजेनी कडाडली. "तो द्वेषानं करतोय. माझ्या तोंडाकडं बघून करतोय! रविवारी ताम्मेर येईल आणि घेऊन जाईल त्याला."

ताम्मेर म्हणजे वरच्या रानातला शिकारी. त्याचे कुत्रे पत्र्याखाली साखळीला असतात आणि शिकार न करणाऱ्या कुत्र्याला तो किती दिवस पोसतो ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कपातनं डोकं वर काढलं नाही. शफीकनं रिकामाच कप पुन्हा तोंडाला लावला. बारूद सोफ्याखालनं बघत होता.

त्या दिवशी दुपारी रफूलचा फोन आला. "आई, बारूद कसाय?" ती म्हणाली, "ठीकाय." आणि फोन ठेवून परसात जाऊन रिकाम्या पिंपाला लाथ मारली. मग माझ्या सज्जाखाली येऊन ओरडली, "मित्री! गाडी काढ. देण्याआधी त्याला डॉक्टरला दाखवू. उद्या ताम्मेर म्हणायला नको, आजारी जनावर गळ्यात मारलं."

ताम्मेरच्या मताची ऊजेनीला कधीपासून पडली, हा प्रश्न मी जिवाच्या भीतीनं विचारला नाही.

जनावरांचे डॉक्टर गत्तास शांत माणूस. त्यांनी बारूदला दाबून पाहिलं, लघवी तपासली, पाणी जास्त पितो का, झोपेत गळतं का, ते विचारलं. "मूत्रपिंड, साखर, सगळं चांगलंय. उम्म रफूल, हा घरभर करतो का?"

"नाही. माझ्या आईच्या गालिच्यावर! त्याच कोपऱ्यावर! मुद्दाम! बाकी मी ओरडले की थेंब गाळतो."

"ओरडू नका, मारू नका, म्हणजे ते थेंब थांबतील. आता कोपऱ्याचं. आधी हुंगतो, मग पाय वर करतो?"

"हो."

"मग मुद्दाम नाही. त्या जागी दुसऱ्या कुत्र्यानं केलंय. हा त्याच्यावर आपली खूण टाकतोय. तुमच्याकडं दुसरा कुत्रा येतो का?"

ऊजेनी उसळली. "कुठला दुसरा कुत्रा? माझा गालिचा उन्हाळाभर माळ्यावर होता! डांबरगोळ्यांमध्ये! माझ्या हातानं घातलेल्या डांबर..."

आणि ती थांबली. मी तिला वाक्याच्या मध्ये थांबलेली त्याआधी पाहिली नव्हती. तिच्या नाकपुड्या हलल्या. दरवर्षी गालिचे उलगडले की डांबरगोळ्यांच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं. यंदा लाल गालिच्याला तो वासच नव्हता. सगळी गल्ली तिथं नाक घेऊन उभी होती, आणि ते कळलं एकट्या बारूदला.

परतताना तिनं गाडीचं दार असं आपटलं की काच हलली. मी गाडी जरा सावकाशच चालवली. शफीक माझाही मित्र आहे.

"शफीक! माझा गालिचा कुठं गेला होता?"

शफीकनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बारूदकडं. मग सांगून टाकलं. ऑगस्टमध्ये देवमातेच्या सणाला ऊजेनी माहेरी गेली, तेव्हा त्याच्या बहिणीच्या, नज्लाच्या, मुलीला मागणी घालायला मुलाकडचे यायचे होते. नज्लाच्या घरात उघडी फरशी. मुलाचे काका, मामा, सगळे येणार. "बहीण रडली गं. मी नेला, दोन दिवसांनी आणला. तिचं ते लहानसं पांढरं कुत्रं आहे ना, ते कोपऱ्यावर... तिनं धुतला होता. डांबरगोळ्या घालायच्या मी विसरलो."

आता इथं सांगायला हवं की ऊजेनी आणि नज्ला कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. सासूचा, किब्ब्यासाठी मटण कुटायचा दगडी खल कुणाचा, यावरून. तो खल अजून नज्लाच्या दाराशी आहे आणि त्यात तुळस लावलेली आहे. ऊजेनीला डिवचायलाच लावली, असं मी नाही, गल्ली म्हणते.

"आणि तू," ऊजेनीचा आवाज खाली गेला, तो वरच्यापेक्षा वाईट, "मी त्या मुक्या जनावराला चप्पल मारताना बघत बसलास. रविवारी ताम्मेरकडं गेला असता तो. रफूलला काय सांगितलं असतंस?"

शफीकनं वाकून बारूदच्या कानामागं खाजवलं.

"उचल गालिचा."

उतरत्या उन्हात ती वरात निघाली. पुढं ऊजेनी, मागं खांद्यावर गालिचा घेऊन वाकलेला शफीक, त्यामागं बारूद आणि अर्थात मी. नज्लानं दार उघडलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"माझा गालिचा तुझ्या मुलीच्या मागणीला आला," ऊजेनी गरजली, "आणि मला बोलावणं नाही? गालिचा तेवढा मामीचा चालतो? मामी नको?"

नज्लाही झहल्याचीच. "बोलावलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले! पण नाही म्हणायची संधी तरी द्यायचीस!"

पायऱ्यांवर शेजारणी जमल्या. मला कुणीतरी खुर्ची दिली. जगात अजून चांगली माणसं आहेत.

शनिवारी दोघी नज्लाच्या गच्चीवर, डॉक्टर गत्तासनी दिलेलं वास घालवायचं औषध पाण्यात घालून, गुडघ्यांवर बसून गालिचा घासत होत्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या. "बारूद, सांग त्या बाईला, धार तिकडून सोड." "बारूद, तिला सांग, मला शिकवू नकोस." बारूद मध्ये बसून दोघींकडं आळीपाळीनं बघत होता. पांढरं कुत्रं खोलीत कोंडलेलं होतं आणि आतून सगळ्यांना शिव्या देत होतं.

रविवारी ताम्मेर दोरी घेऊन आला. मी सज्जातच होतो. ऊजेनी दारात आडवी उभी राहिली.

"कसला कुत्रा? कुणाचा कुत्रा? माझ्या रफूलचा कुत्रा तुझ्या पत्र्याखाली? चल, चालता हो! आणि ती दोरी इथंच ठेव, गालिचा वाळत घालायचाय."

दोरी ठेवून ताम्मेर गेला. तिनं बारूदपुढं मटणाचा कच्चा तुकडा टाकला आणि त्याच्याकडं न बघता आत वळली. त्यानं तुकडा खाल्ला, मागच्या दाराशी गेला आणि पंजानं एकदाच खरवडलं.

"आले, आले, मेल्या," आतून आवाज आला. "शफीक! ऐकू येत नाही का? दार उघड त्याला!"